सड्यावर नवीन फूल सापडलं, आता पुढे काय?

प्रश्न: आमच्या गावच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) पावसाळ्यात कंदीलपुष्पासारखी एक वेल येते. ॲपवर फोटो टाकला की दरवेळी वेगळंच नाव येतं, पुस्तकातल्या फोटोंशीही जुळत नाही. नवीन जात असेल तर नोंद कशी करायची? फोटो पुरतील का?
– एक वाचक, जि. रत्नागिरी

उत्तर: फोटो पुरत नाहीत, हे आधीच सांगते. नवीन जातीचं नाव वैध ठरायला तिचा टाइप, म्हणजे ज्या नमुन्यावरून वर्णन केलं तो वाळवलेला नमुना, कुठल्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) ठेवलाय ते पेपरमध्ये लिहावंच लागतं. वर्णन लॅटिनमध्येच हवं ही अट मात्र २०१२ पासून गेली, आता इंग्रजी चालतं.

तुमची वेल दोन प्रकारे नवी असू शकते. एक म्हणजे जगालाच नवी, जशी विशाळगडावर सापडलेली सेरोपेजिया शिवरायिना, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तीही कंदीलपुष्पाचीच जात. दुसरं म्हणजे श्रीलंकेत नाहीतर आफ्रिकेत आधीच नाव मिळालेली जात भारतात पहिल्यांदा सापडणं, तिथे नवं नाव द्यायचं नसतं, देशाच्या यादीत भर पडते फक्त. आणि तिसरी शक्यताच सगळ्यात जास्त, की जात जुनीच आहे पण फुलाचा रंग थोडा वेगळा पडलाय. म्हणून कुकच्या मुंबई इलाख्याच्या फ्लोरापासून, म्हणजे तिथल्या वनस्पतींची वर्णनं असलेल्या ग्रंथापासून (१९०१–०८) अलीकडच्या पेपरपर्यंत सगळं चाळून, पुण्याच्या बीएसआयमधल्या (बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडिया) किंवा मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियममधल्या जुन्या शीट, म्हणजे कागदावर चिकटवलेले वाळके नमुने, शेजारी ठेवून बघावं लागतं, यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात.

कंदीलपुष्पात खरी गंमत नळीच्या आत आहे. माशी आत शिरते, केसांमुळे अडकते, फूल मलूल झालं की सुटते, आणि तळाशी असतो तो कोरोना, म्हणजे फुलातला छोटा मुकुटासारखा भाग. त्याचे लोब (पाकळीसारखे भाग) केवढे, आखूड की लांब, केसाळ की गुळगुळीत, यावर जाती वेगळ्या काढतात आणि बाहेरून काढलेल्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही, ॲप गोंधळतं ते त्यामुळेच! फूल उभं चिरून भिंगाखाली बघावं लागतं. वाळवलं की रंग उडतो, आकार चपटा होतो, म्हणून एखादं फूल स्पिरिटमध्येही ठेवतात.

पण हे तुम्ही एकट्याने करू नका, आणि कंद तर अजिबात उकरू नका. हे कंद लोक खातात, काही जाती त्यापायीही दुर्मिळ झाल्यात. जागा वनखात्याची असेल तर नमुना घ्यायला परवानगी लागते. तुम्ही फूल, पानाच्या दोन्ही बाजू, देठ आणि आख्खी वेल यांचे पट्टी शेजारी धरून फोटो काढा, तारीख, उंची, जमीन कातळाची की मातीची, आजूबाजूला काय उगवलंय तेही लिहून ठेवा. लोकेशन सोशल मीडियावर टाकू नका, प्लीज, गर्दी झाली की सडा तुडवला जातो.

मग जवळच्या कॉलेजच्या बॉटनी विभागात नाहीतर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात दाखवा, तिथे कंदीलपुष्पांवर भरपूर काम झालंय. शेंगा धरल्या की त्यांचेही फोटो घ्या, ते बहुतेक जण विसरतात.