जास्त वेगाच्या काडतुसाने रायफलची बॅरल लवकर झिजते का?

तुम्ही विचारलंय की ३००० फूट प्रति सेकंदाच्या वरची काडतुसं बॅरल ‘खातात’ हे खरं का. अर्धवट खरं. खाते ती काडतुसातली बंदुकीची दारू. वेगावर नुसता आळ येतो. रेंजवर नवखा असताना मीही हे वाक्य ऐकलं होतं आणि बरीच वर्षं इतरांना ऐकवलंही.

तीन काडतुसं शेजारी ठेवून बघा. .३०८ विंचेस्टर १९५२ चं, .२४३ विंचेस्टर १९५५ चं, आणि हे दुसरं म्हणजे पहिल्याचीच पुंगळी, फक्त मान आवळलेली. १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळी आणि दारूचं वजन मोजायचं छोटं एकक) .३०८ गोळी साधारण २८०० फुटांनी निघते, १०० ग्रेनची .२४३ गोळी २९५० च्या आसपास. फरक जेमतेम पाच टक्के. तरी लक्ष्यनेमबाजीत .३०८ ची बॅरल पाच हजार फैरी सहज काढते आणि .२४३ ची दोन हजारांच्या आतबाहेरच दम टाकते. आता .२२३ रेमिंग्टन घ्या. ५५ ग्रेनची गोळी ३२०० च्या वर, म्हणजे तिघांत हीच वेगवान, पण बॅरल टिकते .३०८ च्या तोडीची!

मी एक ढोबळ हिशेब करतो: दारूचे ग्रेन भागिले गोळीच्या इंचांतल्या व्यासाचा वर्ग. दारू अनुक्रमे ४५, ४२ आणि २५ ग्रेन धरली तर .३०८ चं उत्तर ४७५ च्या आसपास, .२४३ चं ७१०, .२२३ चं ५००. म्हणजे .२४३ मध्ये जवळपास .३०८ एवढीच आग, पण बोळ अरुंद. अशा काडतुसाला नेमबाज ‘ओव्हरबोअर’ म्हणतात.

गोळीच्या घासण्याने फार काही होत नाही, तिचं तांब्याचं कवच पोलादापेक्षा मऊच असतं. खरा घाव बसतो थ्रोटला, म्हणजे काडतूस बसतं ते चेंबर संपून रायफलिंग, म्हणजे बॅरलच्या आतल्या पिळाच्या खाचा, सुरू होतात तिथे. दारूचा वायू पोलादाच्या वितळबिंदूपेक्षा तापलेला असतो. एक-दोन मिलिसेकंदच, पण दर फैरीला आतला पृष्ठभाग भाजतो, लगेच निवतो, आणि हळूहळू आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या भेगा पडतात. पुढचा वायू त्या भेगांच्या कडा उडवत नेतो. बॅरलच्या आत बघायची बारीक दुर्बीण, म्हणजे बोअरस्कोप, घालून पाहिलंत तर थ्रोट मगरीच्या पाठीसारखा आणि तोंडाकडची बाजू जवळपास नव्यासारखी, असं दिसतं.

म्हणून आकड्यांपेक्षा तुमची सवय जास्त महत्त्वाची. दहा फैरी भराभर झाडून तापलेल्या बॅरलमध्ये अकरावी घातलीत की तिचा जाच कितीतरी जास्त. बॅरल हाताला चटका देत असेल तर थांबा. नायट्रोग्लिसरीन असलेली डबल-बेस दारू वेग देते, पण जळते जास्त गरम. उलट .२२ लाँग रायफलमध्ये दारूच चिमूटभर, त्यामुळे तिची बॅरल हजारोंनी फैरी पचवते; ती बिघडवतात ते बहुधा सफाईचा गज वेडावाकडा घालणारे.

थ्रोट पुढे सरकलाय हे कळतं कसं? तीच दारू, तीच गोळी असूनही वेग घसरू लागतो आणि लक्ष्यावर पडलेल्या भोकांच्या गटाबाहेर एखादी गोळी उगाच भरकटते. मात्र बॅरलला दोष देण्याआधी दुर्बिणीच्या माउंटचे स्क्रू तपासा. मी एकदा ते न बघता चांगली बॅरल उतरवून बसलो होतो.