व्हिडिओत बिघाड आधीच सापडलेला असतो

मोबाइलवर फुकटचे व्हिडिओ बघून दुरुस्तीचं काम शिकणाऱ्यांनी प्रश्न पाठवावेत, असं मागच्या खेपेला लिहिलं होतं. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडून आले. मी तीस वर्षं चोपड्याच्या बाजूला वायंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं, दुकान चालवलं. उस्तादाच्या हाताखाली शिकलो, पहिली दोन वर्षं नुसती जळकी तार ओढून काढण्यात गेली. तेव्हा असे व्हिडिओ असते तर ती दोन वर्षं सहा महिन्यांत उरकली असती. म्हणून व्हिडिओ वाईट असं मी म्हणणार नाही. मीही रात्री जेवण झालं की बघतो.

प्रश्न : मी रावेर तालुक्यातला, बीएच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरची केळी आहे. दर उन्हाळ्यात आमची सबमर्सिबल जळते आणि वायंडिंगवाला आठ-आठ दिवस लावतो. रिवायंडिंगचे व्हिडिओ बघून सगळं वहीत उतरवलंय. घरच्या मोटारीवर हात बसवू का?

घरच्या मोटारीवर नको. ऐन वैशाखात केळीचं पाणी तुटलं तर तुझ्या शिक्षणाची फी बागेने भरायची का? भंगारवाल्याकडून जळके पंखे आण, मग एखादी मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकत्र असलेली) आण, आणि सबमर्सिबलला सगळ्यांत शेवटी हात घाल.

कारण सांगतो. पंख्याच्या किंवा कोरड्या मोटारीच्या व्हिडिओत इनॅमलची, म्हणजे पातळ लेप दिलेली, तार दिसते. कॉइल बनवायची, स्लॉटमध्ये, म्हणजे मोटारीतल्या लोखंडाच्या खाचांत, बसवायची, वरून वार्निश. आपल्याकडच्या बऱ्याचशा सबमर्सिबल पाण्याने भरलेल्या असतात. त्यांना प्लॅस्टिकचं वेष्टन असलेली पॉलीरॅप तार लागते आणि ती स्लॉटमधून एकेक फेरा ओढून घ्यावी लागते. ओढताना वेष्टनाला नखाएवढा ओरखडा गेला, तर मोटार टेबलावर उत्तम चालेल आणि बोअरमध्ये उतरवल्यावर जाईल. तो ओरखडा कॅमेऱ्याला दिसत नाही, बोटाला कळतो.

वहीत काय उतरवलंस ते पाहायला हवं. व्हिडिओतल्या मोटारीचे टर्न (तारेचे फेरे) आणि गेज (तारेची जाडी) उतरवले असतील तर ते पान फाडून टाक. जुनी तार कापण्याआधी समोरच्या मोटारीचाच हिशेब लिहायचा असतो : स्लॉट किती, कॉइल कोणत्या स्लॉटातून कोणत्या स्लॉटात, टर्न किती, तार जाडीला किती, तिन्ही फेजच्या कॉइलची जोडणी स्टार की डेल्टा, या दोनांपैकी कोणती. तार मोजताना इनॅमल काढून मायक्रोमीटर लाव. परदेशी व्हिडिओतला २२ गेज आणि आपल्या दुकानातला २२ गेज एक नाही. आपला एसडब्ल्यूजी, म्हणजे ०.७११ मिलिमीटर, अमेरिकेचा एडब्ल्यूजी, ०.६४४ मिलिमीटर. दिसायला फरक केसाएवढा, पण तांब्याचा छेद जवळजवळ १८ टक्के कमी. तेवढी बारीक तार भरलेली मोटार तापणारच.

आता तू जे विचारलं नाहीस ते. मोटार *दर उन्हाळ्यात* का जळते? व्हिडिओत हा भाग नसतो. तिथे माणूस जळकी मोटार घेऊन बसलेलाच असतो, म्हणजे बिघाड आधीच सापडलेला असतो. पुढचं काम मेहनतीचं आहे, पण डोक्याचं काम त्याआधीचं.

जळक्या मोटारीचं झाकण काढलं की वायंडिंगच सांगते. स्टारमध्ये जोडलेल्या मोटारीत दोन फेजच्या कॉइल काळ्या आणि तिसरी कोरी असेल, तर चालता चालता एक फेज गेलेला आहे. डेल्टात असेल तर उलटं, एकच फेज काळा आणि बाकी दोन बऱ्या. सगळीच सारखी काळी असेल तर जादा लोड, कमी व्होल्टेज, नाही तर जाम झालेला पंप. एका जागी छोटा खड्डा पडल्यासारखा जळका डाग असेल तर वेष्टन फाटलं होतं.

माझ्याच दुकानातली गोष्ट. एका शेतकऱ्याची पाच एचपीची मोटार मी भरून दिली. नवव्या दिवशी तो परत दारात : ‘भाऊ, जळी गयी.’ पुन्हा भरली, तीही माझ्या पैशांनी. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी त्याच्या शेतावर गेलो, तर स्टार्टरमधला एक कॉन्टॅक्ट जळून खड्डा पडलेला. कधी चिकटायचा, कधी नाही, म्हणजे मधूनच एक फेज जायचा. जादा करंट आला की मोटार बंद करणाऱ्या ओव्हरलोडचा काटा कुणीतरी शेवटच्या आकड्याला नेऊन ठेवला होता, कारण ‘सारखी ट्रिप होत होती.’ दोन वायंडिंगचं तांबं मी एका कॉन्टॅक्टपायी घालवलं.

तेव्हा वायंडिंग शिकण्याआधी क्लॅम्प मीटर घे, वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा. मोटार चालू असताना तिन्ही वायरींचा अँपिअर मोज, मोटारीच्या पाटीवरच्या आकड्याशी ताडून बघ आणि रात्रीची लाइट असेल तेव्हा व्होल्टेजही लिहून ठेव. ओव्हरलोड पाटीच्या अँपिअरवर आण. एक फेज गेला की मोटार बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर नसेल तर बसव. असेल तर कुणी बायपास केलाय का पाहा, आपल्याकडे तो बहुतेक वेळा केलेलाच असतो. कदाचित पुढच्या उन्हाळ्यात वायंडिंगवाल्याकडे जावंच लागणार नाही.

प्रश्न : भुसावळला राहते. लोखंडी कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात. एका व्हिडिओत पाहून पिन उलटी करून घातली, तर थांबल्या. दुसऱ्या व्हिडिओत सॉकेटमध्ये अर्थिंगची जागा न्यूट्रलला जोडायला सांगितली आहे. तेही करून टाकू का?

ताई, ते करू नका, आणि हे उत्तर वाचताना कूलर चालू असेल तर भिंतीवरचं बटण बंद करून मग पिन काढा.

पिन उलटी केल्याने बिघाड गेला नाही, लपला. मोटारीची किंवा पंपाची वायंडिंग ओली होऊन करंट पत्र्यात उतरतोय. वायंडिंगच्या एका टोकाशी गळती असेल तर फेज दुसऱ्या टोकाला गेल्यावर झटका कमी लागतो, एवढाच अर्थ. मुलाने उद्या पिन फिरवून घातली, की पाय ओले असलेला माणूस त्याच पत्र्याला हात लावणार.

न्यूट्रल आणि अर्थिंग जोडायचा सल्ला तर त्याहून वाईट. सगळं नीट असेपर्यंत काहीच होत नाही, म्हणून व्हिडिओत तो माणूस हसत हात लावून दाखवतो. पण खांबावर किंवा घरात मागे कुठेही न्यूट्रल तुटला, की पूर्ण फेज त्या वाटेने कूलरच्या पत्र्यावर येतो. बिघाड कूलरमध्ये नसला तरी.

करायचं ते असं. पिन काढलेली असताना पंप सोडवून बाजूला ठेवा. पंपाशिवाय कूलर लावा, एकदा पिन सुलट आणि एकदा उलटी घालून, आणि दोन्ही वेळा पत्र्याला टेस्टर लावा, हात नाही. दोन्ही वेळा दिवा लागला नाही तर दोष पंपात आहे. तो स्वस्त असतो, उघडत बसू नका, नवा घ्या. लागला तर पंख्याची मोटार किंवा पत्र्याच्या कडेने कापलेली वायर, ती वायंडिंगवाल्याला मेगरवर (वेष्टनातली गळती मोजायचं मीटर) तपासू द्या. तीन पिनचा प्लग, घराला खरी अर्थिंग, आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा स्विच. अर्थिंग असली तर कुणी हात लावायच्या आतच तो पडतो. पाणी भरताना पिन काढलेलीच हवी. आपल्याकडे ४५ अंशांत कूलर चोवीस तास चालतो आणि लोक चालू कूलरमध्ये बादली ओततात, मी आमच्याच घरात पाहिलं आहे.

प्रश्न : पारोळा. घराची वायरिंग इंग्रजी व्हिडिओ बघून शिकतोय. रंग सगळीकडे सारखेच ना?

नाहीत, आणि यात जीव जाऊ शकतो. अमेरिकेत काळी वायर फेजची आणि पांढरी न्यूट्रल. आपल्या जुन्या घरांत लाल, पिवळी, निळी फेजची आणि काळी न्यूट्रल. युरोपच्या पद्धतीत तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल, म्हणजे आपली जुनी फेजची निळी तिथे न्यूट्रल. शिवाय अमेरिकेत १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. आणि गावातल्या घरात तर कारागिराच्या पिशवीत जी वायर उरली ती ओढलेली असते. रंगावर विश्वास नको, प्रत्येक वायर मीटरने बघ. मीटरही आधी चालू सॉकेटवर लावून पाहायचा, सेल गेलेला मीटर शून्यच दाखवतो.

प्रश्न : धुळ्याला मोबाइलचं दुकान आहे. फ्रीजची गॅस भरायला व्हिडिओवरून शिकलो तर जोडधंदा होईल का?

आजच्या बऱ्याच घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन. लायटरमधल्या गॅसचा भाऊ. पाइपमध्ये तो असताना ब्रेझिंगची, म्हणजे पाइप जोडायची, ज्योत लावली तर काय होईल, ते तुमच्या दुकानात करून बघू नका. जुने व्हिडिओ आर-१३४एचे आहेत, तो असा पेटत नाही. तीच सवय नव्या फ्रीजवर नेली की घात. थर्मोस्टॅट, रिले, दाराचं रबर, एवढं खुशाल शिका. गॅसची लाइन शिकायची असेल तर त्या कामाच्या माणसाजवळ एक हंगाम काढा.

प्रश्न : शहादा. मुलगा बारावीनंतर आयटीआयला जायला तयार नाही. म्हणतो, सगळं मोबाइलवर फुकट आहे, दोन वर्षं कशाला घालवू?

मुलाचं अर्धं बरोबर आहे. इलेक्ट्रिशियनचा ट्रेड दोन वर्षांचा आहे आणि काही ठिकाणी वर्कशॉपची अवस्था अशी असते, की मुलाला मोबाइलवरच जास्त दिसेल. पण कारखान्यातली अप्रेंटिसशिप, सरकारी भरती, वायरमनचा परवाना, यांच्या दारात कागद विचारतात. तिथे ‘मी चारशे व्हिडिओ बघितले’ चालत नाही. केंद्र सरकारच्या भारत स्किल्सवर आयटीआयच्या ट्रेडचं साहित्य फुकट आहे. त्याला ते दाखवा, म्हणजे पहिल्या वर्षी काय शिकवतात ते तरी कळेल.

त्याला स्वतःचं दुकानच टाकायचं असेल तर वाद घालू नका. शहाद्यातल्या एखाद्या वायंडिंगवाल्याकडे दोन महिने बिनपगारी बसवा. एकच काम द्यायला सांगा : गिऱ्हाईक आलं की काय झालं ते विचारून लिहून घ्यायचं, आणि उघडण्याआधी बिघाड कुठे असेल त्याचा अंदाज शेजारी लिहायचा. उघडल्यावर बरोबर की चूक, ते पुन्हा लिहायचं. दोन महिन्यांनी ती वही तुम्ही दोघांनी बघा. बरोबरच्या खुणा वाढत गेल्या असतील तर आयटीआयशिवायही त्याचं पोट भरेल.

प्रश्न : अमळनेर. शिवणकाम करते. शिलाई मशीनची दुरुस्ती व्हिडिओवरून शिकले, आता शेजारणी मशीन आणून देतात. टाके सुटण्याची तक्रार सगळ्यांत जास्त. कधी जमतं, कधी नाही. आणि पैसे किती घ्यावेत?

सगळ्या पत्रांत मला हे आवडलं, कारण ‘कधी नाही’ हे तुम्ही लिहिलंत.

टाके सुटले की व्हिडिओवाले थेट टायमिंगला हात घालतात. तुम्ही घालू नका. आधी नवी सुई घाला, मशीनला चालणारीच. मग ती कोणत्या बाजूने बसली ते बघा. सुईची सपाट बाजू काही मशिनींत मागे येते, काहींत डावीकडे, काहींत उजवीकडे. दुसऱ्याच मशीनचा व्हिडिओ बघून बसवली की टाका धरतच नाही. त्यानंतर दोरा नीट ओवलाय का, शटलमध्ये (खालचा दोरा असतो तो भाग) धाग्याचा गुंता आणि कापसाची धूळ आहे का, आणि शटलच्या टोकावर बोट फिरवून खरखर लागते का. बहुतेक मशिनी इथेच बऱ्या होतात.

एवढं करूनही सुटत असतील तर टायमिंग. चाक हाताने फिरवा. सुई सगळ्यांत खाली जाऊन साधारण दोन-अडीच मिलिमीटर वर आली, की शटलचं टोक सुईच्या नेढ्याच्या जरा वर पोचलं पाहिजे. स्क्रू सैल करण्याआधी जुन्या जागेवर पेन्सिलीने खूण करा. जमलं नाही तर निदान होतं तिथे परत आणता येतं.

पैशांचं म्हणाल तर बघण्याचे वेगळे आणि दुरुस्तीचे वेगळे घ्या. शेजारीण म्हणेल, ‘सुईच तर बदललीस.’ सुईचे दुकानात पडतील तेवढेच लावा, आणि बघण्याचे आधीच ठरवून घ्या, मशीन पाटावर ठेवायच्या आधी.