जागेपणीचे भान आणि स्वप्नातली जाग
स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे कळावे, म्हणून दिवसातून दहा वेळा ‘मी स्वप्नात आहे का?’ असे यांत्रिकपणे विचारून फारसे साधत नाही. स्वप्नातही तुम्ही तितक्याच यांत्रिकपणे ‘नाही’ म्हणाल. त्याऐवजी दार उघडताना किंवा जिना चढताना क्षणभर थांबून पावलांचा स्पर्श, भोवतालचे आवाज आणि आपण इथवर कसे आलो हे खरोखर आठवून पाहा, कारण स्वप्नात बहुधा हाच मागचा धागा सापडत नाही. मग एखादी ओळ दोनदा वाचा. स्वप्नात ती पुष्कळदा बदलते. तोंड मिटून नाक चिमटीत धरूनही श्वास घेता आला, तर ते स्वप्नच (मला हीच खूण अधिक भरवशाची वाटते). ठळक स्वप्नांची झोप पहाटेकडे लांबत जाते, म्हणून पहाटे जाग येताच न हलता स्वप्न आठवा आणि लिहून ठेवा.