खाजनातले मीठ नेमके किती खोल? शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (सांतइस्तेव-जुवें): पावसाळा संपल्यावर माती तपासून घेतली. मृदा आरोग्य पत्रिकेवर क्षारतेपुढे ‘सामान्य’ असा शेरा आला. तरी फेब्रुवारी उजाडला की भेंडीच्या पानांच्या कडा करपतात आणि झाड खुंटते. मग पत्रिकेवर विश्वास कसा ठेवायचा? जमिनीत काही न खुपसता खोलवरचे मीठ मोजणारे यंत्र असते म्हणतात, ते खरे का?

उत्तर: पत्रिका खोटे बोलत नाही. तिला वरच्या १५ सेंटिमीटर मातीबद्दल विचारले होते, तेवढ्याचेच तिने उत्तर दिले. ती माती तुम्ही ऑक्टोबरात काढलीत, म्हणजे चार महिन्यांच्या पावसाने धुऊन निघालेली. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा वरचा थर गोडा होणारच. पण खाजन म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली नदीकाठची सखल जमीन. तिची माती चिकण, भूजल हाताच्या अंतरावर आणि पाण्याला बाहेर पडायची वाट एकच, मानशीची, म्हणजे बांधातल्या फळ्यांच्या दाराची. त्यामुळे पावसाचे बहुतेक पाणी मातीत खाली न झिरपता पृष्ठभागावरून पोंयीत (खाजनातल्या खोलगट पाणवाटेत) आणि तिथून ओहोटीला नदीत जाते. वरचे मीठ त्याच्याबरोबर जाते, दोन-तीन फुटांवरचे जागच्या जागी राहते. थंडी सरून ऊन तापले की वातीतून तेल चढावे तसे ते खारे पाणी मातीच्या बारीक पोकळ्यांतून वर येते, पाणी उडून जाते आणि मीठ मुळांपाशी साचते. भेंडी मिठाला फार नाजूक, म्हणून नुकसान आधी तिच्यावर दिसते.

आता यंत्राबद्दल. होय, असे यंत्र आहे. विद्युतचुंबकीय प्रवर्तनावर चालणारी ही साधने शेतीत गेली चाळीसेक वर्षे वापरात आहेत. त्यांतले सर्वांत परिचित म्हणजे कॅनडातील जिओनिक्स कंपनीचे ईएम-३८. दिसायला मीटरभर लांबीची पेटी. तिच्या एका टोकाच्या वेटोळ्यातून सेकंदाला सुमारे साडेचौदा हजार आवर्तने घेणारा उलटसुलट प्रवाह सोडतात. त्यामुळे निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरते आणि मातीत अगदी क्षीण प्रवाह उठवते. माती जितकी खारट आणि ओली, तितका हा प्रवाह जोरदार. त्या प्रवाहाचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र दुसऱ्या टोकाचे वेटोळे टिपते. या दोन क्षेत्रांच्या प्रमाणावरून जमिनीची विद्युतवाहकता कळते. खड्डा नको, सळई नको. माणूस पेटी घेऊन शेतातून चालत जातो आणि सकाळभरात शेकडो ठिकाणचे आकडे जमा होतात.

वेगवेगळ्या खोलीचे मीठ कसे कळते, हा खरा प्रश्न. पेटी तिच्या लांब कडेवर उभी ठेवली की ती खोलवर पाहते. कुशीवर आडवी निजवली की वरवर पाहते. माहितीपत्रकात उभ्या मोजणीची खोली दीड मीटर आणि आडव्या मोजणीची पाऊण मीटर अशी दिलेली असते, पण तिथे कुठली भिंत नसते, प्रभाव हळूहळू कमी होत जातो. हिशेब करून पाहिला तर आडव्या मोजणीत वरच्या ३० सेंटिमीटरचा वाटा साधारण ४३ टक्के असतो. उभ्या मोजणीत तोच वाटा जेमतेम १४ टक्के, आणि निम्म्याहून अधिक आकडा पाऊण मीटरच्या खालून आलेला असतो. म्हणून एका जागी दोन्ही मोजण्या घ्यायच्या. आडवी मोठी आली तर मीठ वर आहे. उभी मोठी आली तर वरचा थर धुतला गेला आहे आणि मीठ खाली दबा धरून बसले आहे. दोन्ही सारख्या आल्या तर मीठ सगळीकडे सारखे पसरले आहे. याहून बारकाईने थर ओळखायचे असतील तर पेटी जमिनीपासून वेगवेगळ्या उंचीवर धरून आकडे घेतात आणि संगणकावर त्यांतून थराथराची वाहकता काढतात. नव्या यंत्रांत दोन-तीन अंतरांवर वेटोळी बसवलेली असल्याने हे काम एकाच फेरीत होते.

तुमच्या शेतात नोव्हेंबरात मोजणी केली तर उभा आकडा आडव्याहून बराच मोठा येईल, असा माझा अंदाज आहे. तसे निघाले तर खत किंवा फवारणी वाढवून काही हाती लागणार नाही. सरदाची (पावसाळी भाताची) कापणी झाल्या झाल्या उथळ नांगरट करून मातीचा वरचा पापुद्रा तोडा, सरींवर पेंढ्याचे आच्छादन घाला म्हणजे बाष्पीभवन कमी होईल, आणि भेंडी लवकर लावून मार्चच्या आधी तोडे उरकतील असे बघा. विहिरीचे पाणी द्यायचे असेल तर तेही आधी तपासून घ्या. नदीकाठच्या विहिरी एप्रिलमध्ये खाऱ्या होतात, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

प्रश्न (दिवाडी): आमच्या खाजनात अर्ध्या शेतात रोप टिकत नाही. काही जण म्हणतात बांध झिरपतो, काही जण म्हणतात मानशीतल्या मासेमारीची पावणी (लिलाव) घेणारे कोळंबीसाठी भरतीला फळ्या उघड्या ठेवतात. यंत्राने खरे काय ते ठरेल का?

उत्तर: यंत्र कोणाचे नाव घेत नाही, पण मीठ कुठल्या वाटेने आले हे बऱ्याच अंशी दाखवते. माझ्या मते या मोजणीचा सर्वांत मोठा उपयोग हाच. एकेका शेतकऱ्याने आपापल्या तुकड्याची मोजणी करून घेण्यात फारसा अर्थ नाही. मीठ मेर ओलांडताना सातबारा बघत नाही. मोजणी अख्ख्या खाजनाची हवी: बांधापासून आत जाणाऱ्या समांतर रेषा, आणि पोंयीच्या दोन्ही काठांनी.

मानशीतून खारे पाणी आत येत असेल तर ते पोंयीतून पसरते आणि शेतावर वरून चढते. अशा ठिकाणी पोंयीच्या काठाने आडवी मोजणी मोठी येते आणि काठापासून दूर जाताना झपाट्याने उतरते. बांधाखालून झिरप होत असेल, उदाहरणार्थ कुर्ल्यांनी पोखरलेल्या मातीतून किंवा चिऱ्यांच्या सांध्यांतून, तर बांधाला लागून असलेल्या पट्ट्यात उभी मोजणी मोठी येते, आणि तीही सगळ्या बांधालगत नव्हे, ठरावीक जागांवर. नकाशावर त्या जागा गडद डागांसारख्या दिसतात. डागाच्या समोरचा बांध खणून पाहायचा. सगळा बांध नव्याने घालण्याच्या खर्चापुढे हे काम कितीतरी हलके.

एका गोष्टीपासून सावध राहा. माती फार खारट असेल, म्हणजे यंत्राचा आकडा मीटरला १०० मिलिसिमेन्सच्या (हे वाहकतेचे एकक) बराच वर गेला, तर यंत्राचा सरळसाधा हिशेब ढळू लागतो. आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो, आणि उभ्या मोजणीत ही घट आधी सुरू होते. नदीलगतच्या खाजनात तो आकडा सहज ओलांडला जाईल. तेव्हा खाली भरपूर मीठ असूनही आडवा आकडा मोठा दिसून ‘मीठ वर आहे’ असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. म्हणून अशा जागी गिरमिटाने माती काढून पडताळा केल्याशिवाय मानशीवर कोणालाही बोल लावू नये. कूळ संघाच्या (खाजनातल्या शेतकऱ्यांच्या संघाच्या) बैठकीत रंगीत नकाशा फडकवण्याआधी तर नक्कीच नाही.

पडताळ्याची रीत अशी. पूर्ण मोजणी झाल्यावर आकड्यांच्या लहान-मोठ्या सगळ्या पातळ्या येतील अशा डझनभर जागा निवडायच्या. प्रत्येक जागी ०–१५, १५–३०, ३०–६० आणि ६०–९० सेंटिमीटर असे चार नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत भरायचे. प्रयोगशाळेत मातीची संपृक्त (पाण्याने पुरती भरलेली) लापशी करून तिच्या अर्काची वाहकता काढली की यंत्राचा आकडा आणि खरी क्षारता यांचे नाते बसवता येते. हे नाते त्याच खाजनापुरते, त्याच हंगामापुरते खरे. चोडणचे सूत्र दिवाडीला लावू नये.

आणि एक. शास्त्रीय पुस्तकांतली ‘मीटरला ४ डेसिसिमेन्सच्या वर जमीन खारवट’ ही मर्यादा संपृक्त अर्काची आहे. भाताचे उत्पन्न साधारण ३ पासूनच घटू लागते, आणि पुढच्या प्रत्येक एककाला अंदाजे १२ टक्क्यांनी. आपल्याकडच्या अहवालांत मात्र एक भाग माती आणि दोन किंवा अडीच भाग पाणी अशा मिश्रणाची वाहकता असते. पाणी जास्त, म्हणून आकडा बराच लहान. तो आकडा या मर्यादांशी थेट ताडून ‘आमचे ठीक आहे’ म्हणणारे पुष्कळ जण भेटतात.

नकाशा हाती आल्यावर बियाण्याचा निर्णयही सोपा होतो. गडद पट्ट्यात कोरगुट हे मीठ सोसणारे गावठी भात, किंवा जुने गोवे येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या केंद्राने काढलेले क्षारसहनशील गोवा धान वाण. फिकट पट्ट्यात ज्योती हे भाताचे वाण चालेल. भाताचे बी खाऱ्या मातीत उगवते खरे, पण दोन-तीन पानांचे रोप आणि पुढे फुलोरा या दोन वेळा त्याला सोसत नाहीत. म्हणून जूनच्या पहिल्या सरींचे पाणी शेतात कोंडून, चिखलणी करून, ओहोटीला मानशीतून सोडून देण्याची आपली जुनी पद्धत चुकवू नये. एकदाच मोठे पाणी भरून ठेवण्यापेक्षा भरणे, मुरू देणे, सोडणे असे दोन-तीनदा केले तर त्याच पाण्यात जास्त मीठ निघते.

प्रश्न (शिरोडा): आमच्याकडची माती तांबडी, लोखंडाची. यंत्र लोखंडालाच मीठ समजणार नाही का?

उत्तर: मातीतले लोह गंजाच्या रूपात असते आणि ते तारेसारखी वीज वाहून नेत नाही. वाहकतेच्या आकड्यावर त्याचा परिणाम नगण्य. खरी अडचण धातूच्या वस्तूंची: कुंपणाची तार, पंपाचा पाइप, मानशीच्या लोखंडी पट्ट्या, वरून जाणारी वीजवाहिनी, इतकेच काय मोजणाऱ्याच्या खिशातला मोबाईल, कमरेचा कोयता आणि पट्ट्याचे बक्कल. चार-पाच मीटर लांब राहून मोजावे आणि नकाशावर अशा जागांची खूण करावी. मुळात तुमचे शेत मोरडीवर, म्हणजे उंचावरच्या जमिनीवर असेल तर तिथे मिठाची चिंता करण्याचे कारण सहसा नसते. खालच्या खाजनात असेल तरच हे सगळे.

प्रश्न (कामुर्ली): मे महिन्यात शेत रिकामे असते. तेव्हा मोजणी केली तर?

उत्तर: करू नका. मेमध्ये वर मिठाचा पांढरा साका दिसत असतानाही यंत्र लहान आकडा दाखवू शकते, कारण सुक्या, भेगाळलेल्या मातीत वीज वाहायला पाणीच नसते. यंत्र मीठ मोजत नाही, मीठ, ओल आणि चिकणमाती यांचा एकत्रित परिणाम मोजते. म्हणून सगळ्या शेतात ओल जवळपास सारखी असेल अशी वेळ निवडायची. आपल्याकडे ती सरदाची कापणी होऊन साचलेले पाणी उतरल्यावर, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. मातीचे तापमानही नोंदवून ठेवा. एका अंशाला आकडा सुमारे दोन टक्क्यांनी बदलतो, म्हणून सर्व आकडे २५ अंशांवर आणून मगच तुलना करतात. दुपारच्या उन्हात यंत्र स्वतःही भरकटते, तेव्हा सकाळी काम उरका आणि एक ठरलेली जागा मधूनमधून पुन्हा मोजत राहा.

प्रश्न (कुडतरी): मोजणीत क्षारता निघाली तर जिप्सम टाकायचा का? दुकानदार एकरी चार पोती सांगतो.

उत्तर: नाही. जिप्सम उत्तर भारतातल्या चोपण जमिनीचा उपाय, जिथे सोडियमने माती घट्ट होते आणि सामू (पीएच) साडेआठच्या वर असतो. आपली खाजने बहुतांशी खारट आणि आम्लधर्मी. इथे मीठ धुऊन काढणे हाच उपाय, आणि सामू फार कमी असेल तर तपासणीनुसार चुना. काही खाजनांत खाली गंधकयुक्त काळी माती असते, ती उघडी पडली की आम्ल सुटते, म्हणून खोल नांगरटीच्या भानगडीत पडू नका. सामू हे यंत्र सांगत नाही, त्यासाठी नमुना द्यावाच लागेल.

राहिला यंत्राचा प्रश्न. ते काही लाख रुपयांचे आहे, एकट्याने विकत घ्यायचे साधन नव्हे. कूळ संघाने अख्ख्या खाजनासाठी विभागीय कृषी कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा. अर्जासोबत मानस, पोंय आणि बांधाच्या दुरुस्तीच्या जागा दाखवणारा हाताने काढलेला नकाशा जोडावा. संशोधन संस्थेकडे यंत्र मागताना तो फार उपयोगी पडतो.

तोवर हात बांधून बसायला नको. काही हजारांत मिळणारा, पेनाएवढा वाहकता मापक संघाने घ्यावा. प्रत्येक खोलीची माती सावलीत वाळवून, कुटून, २० ग्रॅम मातीत १०० मिलिलिटर पावसाचे गाळलेले पाणी घालून ढवळा, निवळू द्या, वरच्या पाण्यात मापक बुडवा. हे आकडे फक्त एकमेकांशी ताडायचे, पुस्तकातल्या मर्यादांशी नाही. शिवाय बांधापासून दहा-पंधरा पावलांवर मीटरभर खोल खड्डा घेऊन त्यात छिद्रे पाडलेला प्लास्टिकचा पाइप उभा करा. पुनवेच्या किंवा अंवसेच्या उधाणाला पाइपातले पाणी भरतीबरोबर चढले आणि ओहोटीला उतरले, तर त्या जागी बांध झिरपतो आहे. पाण्याची वाहकताही लिहून ठेवा. समुद्राच्या पाण्याची वाहकता मीटरला साधारण ५० डेसिसिमेन्स असते, त्यावरून पाइपातल्या पाण्यात नदीचा वाटा किती याचा अंदाज बांधता येईल. तारीख, भरतीची वेळ आणि पाइपातली पातळी अशी वही अर्जासोबत आली, तर मोजणीच्या रेषा कुठे आखायच्या हे पहिल्याच दिवशी ठरवता येईल.