पुण्यात राहून, ऑनलाइन शिकून मोठ्या पोकर टूर्नामेंटची एंट्री हौशी खेळाडूला मिळू शकते का? कोणता कोर्स घेऊ, की शेवटी सगळं नशीबच?

मिळू शकते. कोर्सचं पुढे सांगतो, आधी नशिबाचं बघू, कारण हा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं.

सगळे क्रिस मनीमेकरचं उदाहरण देतात. टेनेसीचा अकाउंटंट, 86 डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून (बक्षीस म्हणून मोठ्या स्पर्धेची एंट्री, म्हणजे सीट, देणारी छोटी स्पर्धा) 2003 च्या वर्ल्ड सिरीजच्या मेन इव्हेंटला पोचला आणि 839 जणांत पहिला आला. अलीकडचं उदाहरण रामोन कोलियासचं. जानेवारी 2019 मध्ये बहामाजला 25,000 डॉलर एंट्रीच्या स्पर्धेत तो फुकट मिळालेल्या पासवर बसला आणि 51 लाख डॉलर घेऊन उठला. मुख्य स्पर्धा जिंकायला नशीब लागतंच, त्यावर वाद नाही. पण एंट्री मिळवणं हा वेगळा खेळ आहे, आणि तो बऱ्यापैकी हिशेबाचा आहे.

समजा 100 जण, प्रत्येकी 20,000 चिप्स, 10 सीट. एकूण चिप्स 20 लाख, म्हणजे शेवटच्या दहांकडे सरासरी 2 लाख. हा आकडा बसल्याबसल्या कागदावर लिहा. बाद झालेले पुन्हा पैसे भरून बसले (री-एंट्री) की वाढवा. तुमचा स्टॅक, म्हणजे तुमच्याकडच्या चिप्स, तिथे पोचला की आणखी चिप्सचा उपयोग जवळजवळ संपतो. शिवनेरीत पहिला चढलेला आणि शेवटचा चढलेला एकाच वेळी दादरला उतरतो, तसंच इथे.

आता तो हात, ज्यावरून आमच्या कोथरूडच्या ग्रुपमध्ये अजून भांडण होतं. 11 जण उरलेत, सीट 10. दोन टेबलं, हँड-फॉर-हँड चालू, म्हणजे दोन्हीकडे प्रत्येक हात एकदमच सुरू होतो. ब्लाइंड (दर हाताला दोघांनी सक्तीने लावायच्या चिप्स, स्मॉल आणि बिग) 8,000/16,000 आणि बिग ब्लाइंडवाल्याने वर भरायचा 16,000 चा अँटे. आपला माणूस स्मॉल ब्लाइंडवर, स्टॅक 2 लाख 20 हजार. दुसऱ्या टेबलावर एकाकडे 20,000, दुसऱ्याकडे 28,000. म्हणजे बिग ब्लाइंड आला की अँटे आणि ब्लाइंड भरतानाच दोघांच्या चिप्स संपणार, आणि पाच जणांच्या टेबलावर तो फार लांब नसतो. बटणावरचा (डीलरच्या जागेवरचा) 4 लाखवाला ऑल-इन करतो, म्हणजे सगळ्या चिप्स लावतो. आपल्या माणसाकडे दोन एक्के.

उत्तर: फोल्ड, म्हणजे पत्ते टाकायचे.

समोरचा कुठलेही दोन पत्ते घेऊन आला असं धरलं तरी एक्के जिंकतात साधारण 85 टक्के वेळा. फोल्ड केलं तर सीट मिळण्याची शक्यता 99 च्या घरात. कॉल करून, म्हणजे तुमच्या चिप्स समोर लावून, जिंकलात तरी मिळणार तीच सीट, हरलात तर बाहेर. ‘एक्के टाकणारा भित्रा’ म्हणणाऱ्यांनी 99 आणि 85 मधला मोठा आकडा कुठला ते सांगावं. ग्रुपमधले एक काका अजून सांगत नाहीत.

उलट तो 4 लाखवाला बरोबर खेळतोय, कारण त्याला कॉल करणं मधल्या स्टॅकना परवडत नाही. ढकलणं (ऑल-इन करणं) सोपं, कॉल करणं महाग, हे बबलवर, म्हणजे सीटपासून एक-दोन जण दूर असताना, पाठ करा. दर हाताआधी उठून दुसऱ्या टेबलावरचे छोटे स्टॅक आणि त्यांचा बिग ब्लाइंड किती हातांवर आहे ते बघून या. हँड-फॉर-हँड सुरू झाल्यावर वेळ काढून काही मिळत नाही.

कोर्सचं म्हणाल तर पुश-फोल्ड चार्ट (कुठल्या पत्त्यांवर ऑल-इन करायचं, कुठले टाकायचे) सगळेच शिकवतात. दोघंच उरले असतील आणि 10 बिग ब्लाइंड असतील तर स्मॉल ब्लाइंडवरून सुमारे 58 टक्के हात ढकलायचे, वगैरे. हे चार्ट चिप्स वाढवण्यासाठी असतात. सॅटेलाइटच्या बबलवर त्यातले कॉल तुम्हाला घरी पाठवतील. म्हणून आयसीमायझर किंवा एचआरसी या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः सराव करा. हमखास होणारी चूक म्हणजे बक्षिसाची रचना 50-30-20 अशी राहू देणं. दहा सीट असतील तर दहा समान बक्षिसं, प्रत्येकी 10 टक्के, असं भरा. मग सगळ्यांचे स्टॅक, ब्लाइंड, अँटे. कॉलची रेंज (कुठल्या हातांवर कॉल परवडतो) कशी आक्रसते ते दिसलं की वरचा हात आपोआप पटेल. जीटीओ विझार्ड या सरावाच्या साइटवर फ्लॉपनंतरचा (पहिले तीन सामायिक पत्ते उघडल्यावरचा) खेळ घोटत बसणं सुरुवातीच्या लेव्हलपुरतं ठीक. सीट ठरते 15 बिग ब्लाइंडच्या खाली. महागडा कोर्स घेऊ नका.

आता अडचण. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम भारतभर बंद झाले, पोकरही त्यात आलं. त्यामुळे सराव हिंजवडीतल्या फ्लॅटमध्ये फुकटच्या चिप्सवर, आणि सॅटेलाइट प्रत्यक्ष, म्हणजे पणजीच्या कॅसिनोत. वय 21 पूर्ण हवं. एका सॅटेलाइटसाठी रात्रीची बस आणि हॉटेल केलंत तर तो खर्च धरून सीट स्वस्त पडत नाही. त्यात आयोजकाची फी. सलग दोन-तीन सॅटेलाइट असतील तेव्हाच जा, आणि एकूण किती घालवायचे ते पुण्यातच ठरवा. सीट न मिळाल्यास चिडून थेट एंट्री विकत घेऊ नका. तुमचे अर्धे मित्र तेच करतील. जिंकलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के कर आणि वर सेस, हरलेल्या एंट्र्यांची वजावट नाही. सीट हेसुद्धा बक्षीसच, त्यामुळे सीएला आधी विचारा.

आणि एक्के टाकायचं गणित सगळ्या सीट सारख्या असतील तेव्हाचंच. स्ट्रक्चर शीट, म्हणजे स्पर्धेच्या रचनेचा आणि बक्षिसांचा कागद, वाचा. अकराव्याला उरलेली रोख मिळत असेल किंवा पहिल्याला जादा काही असेल तर आकडे बदलतात. तुमचाच स्टॅक सगळ्यात छोटा असेल तर दोन बिग ब्लाइंड उरेपर्यंत थांबू नका, तेव्हा तुमच्या ऑल-इनला कुणी फोल्ड करत नाही. पाच बिग ब्लाइंडएवढ्या चिप्स उरल्या असताना, ब्लाइंड यायच्या आधी, राजा-नव्वी आली तरी ढकला.