टॉवर खाजणात, तारा तिवरांवरून

प्रश्न: ऐरोलीजवळ खाडीकाठच्या गावातल्या मच्छीमार सोसायटीचा मी सेक्रेटरी. गावामागच्या तिवरांतून 220 केव्हीची लाइन जाणार म्हणून खुंट्या मारल्यात. एक टॉवर माझ्या स्वतःच्या खाजणात (खाडीकाठच्या खारजमिनीत) येतोय. कंपनीचा माणूस सोसायटीच्या लेटरहेडवर 'ना हरकत' मागतोय. म्हणतो, जनसुनावणी लागत नाही आणि सही दिली नाही तरी काम होणारच. खरं आहे का?

उत्तर: अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं त्याने तुम्हाला सांगितलेलं नाही.

जनसुनावणीचं तो बरोबर बोलला. 2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेच्या यादीत वीजवाहिन्या नाहीतच. तुमच्या खाजणाचंही तसंच. कंपनीला वीज कायदा, 2003 च्या कलम 164 खालचे अधिकार मिळालेले असतील, तर मालकाची संमती लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये तसा निकाल दिलाय. अडवलंत तर ते जिल्हादंडाधिकाऱ्यांचा हुकूम आणतील. हे बळ 1885 च्या तार कायद्याचं. तारसेवा कधीच बंद झाली, तो कायदा टॉवरवाल्यांसाठी अजून राबतोय! म्हणून आधी कलम 164 च्या आदेशाची प्रत लेखी मागा. ती नसेल तर सगळं चित्र बदलतं.

तिवरांचं मात्र वेगळं आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 17 सप्टेंबर 2018 रोजी राज्यभरातली कांदळवनाची, म्हणजे तिवरांची, तोड थांबवली आणि भोवतीच्या 50 मीटर पट्ट्यालाही संरक्षण दिलं. सार्वजनिक हिताचा प्रकल्प असला तरी न्यायालयाची परवानगी काढावी लागते. म्हणजे सातबारा तुमच्या नावावर असून तुम्हाला कोणी विचारणार नाही, पण तिवरांना हात लावण्याआधी उच्च न्यायालयाला विचारावं लागेल. कांदळवन वनजमिनीत असेल तर वनखात्यामार्फत केंद्राची मंजुरी वेगळी, सीआरझेडची (किनारपट्टी नियमन क्षेत्राची) वेगळी. आखणी ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यातून जात असेल, तर प्रकरण वन्यजीव मंडळापर्यंत जातं.

कंपनी परवानगीसाठी उच्च न्यायालयात जाईल तेव्हा सोसायटीने तिथे हस्तक्षेप अर्ज करावा. पण 'लाइनच नको' ही मागणी टिकेल असं मला वाटत नाही. 2019 च्या सीआरझेड अधिसूचनेने सार्वजनिक सेवेच्या वीजवाहिन्यांना कांदळवनाच्या बफरमध्ये, म्हणजे भोवतीच्या पट्ट्यात, वाट ठेवली आहे. बुलेट ट्रेनच्या वेळी आराखडा बदलून तोड सुमारे 50 हजार झाडांवरून 22 हजारांच्या आसपास आली, मग 2022 मध्ये परवानगी मिळाली. तेव्हा भांडायचं ते आखणीवर: रस्त्याकडेने भूमिगत केबल का नाही? टॉवर कांदळवनाबाहेर ठेवून मधलं अंतर वाढवता येईल का?

आणि एक गोष्ट तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. 220 केव्हीचा पट्टा 35 मीटरचा, पण उंच तारांखाली आपली बुटकी तिवरं तग धरतात. खरा घात होतो तो क्रेन नेण्यासाठी टाकलेल्या मुरूमाच्या भरावाने. भरतीचं पाणी अडलं की मागची तिवरं उभ्या उभ्या वाळतात, निवट्या (चिखलातले मासे) आणि चिंबोऱ्याही जातात. अर्जात हे ठळक लिहा. भरावाखाली पाइप टाकावेत, काम संपताच भराव काढावा आणि त्याची तपासणी वनखात्याच्या कांदळवन कक्षाने करावी, अशा अटी मागा.

मंजुऱ्यांचे कागद केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर पाहा, नसतील ते माहिती अधिकारात मागवा. वनमंजुरीवर हरित न्यायाधिकरणात (आपल्याला पुण्याचं खंडपीठ) अपील करायला 30 दिवस मिळतात. सबळ कारण दिलं तर आणखी 60. त्यापुढे दार बंद. वन्यजीव कायद्याची तक्रार मात्र तिथे चालत नाही, त्यासाठी उच्च न्यायालयच.

लेटरहेडवर सही देऊ नका. तोच कागद उद्या 'मच्छीमारांची हरकत नाही' म्हणून न्यायालयात तुमच्याविरुद्ध येईल. सभा बोलावून हरकतीचा ठराव करा आणि कंपनी, कांदळवन कक्ष व जिल्हाधिकारी यांना पाठवून पोच घ्या.

पैशांचं थोडक्यात. केंद्राच्या जून 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या 200 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला 30 टक्के भरपाई सुचवली आहे. मागणी तिथून सुरू करा. रक्कम कमी वाटली तर ठाण्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. मासेमारीचं नुकसान त्यात धरू नका, तो दावा वेगळा. वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या प्रकरणात 2021 मध्ये उच्च न्यायालयाने पारंपरिक मच्छीमारांना भरपाई देण्याच्या बाजूने निकाल दिला होता. त्यासाठी परवाने, सोसायटीच्या विक्रीच्या वह्या आणि बोकशी जाळी लावायच्या जागांचा नकाशा आत्ताच जमवा.

आणि खुंट्यांचे जीपीएस फोटो आजच्या ओहोटीला काढून ठेवा. पुढच्या उधाणाला त्या जागेवर असतीलच असं नाही.