लग्नाआधी दात पांढरे करायचेत ना?

अगं, लग्न तीन आठवड्यांवर आलं म्हणून थेट ब्लीचिंगला धावू नकोस. आधी बेळगावात जाऊन दात तपासून स्केलिंग, म्हणजे दातांवरचा साचलेला थर काढून साफसफाई, करून घे. चहाचे, मिश्रीचे वरवरचे डाग बरेचदा त्यातच निघतात. निपाणीच्या आमच्या घरात मिश्री रोजचीच, त्यामुळे हे मी जवळून पाहिलंय. कीड किंवा हिरड्यांतून रक्त असेल, तर त्यावर उपचार आधी.

ब्लीचिंगचे दवाखान्यातला आणि घरचा असे दोन्ही प्रकार मी केलेत. दवाखान्यात हिरड्या झाकून २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं जेल लावतात. तासाभरात फरक दिसतो, पण त्या रात्री गार पाण्याचा घोट घेतला आणि पुढच्या दातातून वीज गेल्यासारखी कळ आली. दोन दिवसांनी थांबली.

घरी करायचं तर डॉक्टर तुझ्या दातांच्या मापाचा ट्रे, म्हणजे दातांवर बसणारा साचा, बनवून देतात. त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं सौम्य जेल, रोज रात्री, साधारण दोन आठवडे. सावकाश होतं, पण मला हेच पटलं. जेल प्रत्येक दाताला तांदळाच्या दाण्याएवढंच. मी पहिल्या रात्री जास्त भरलं, सकाळी हिरडीवर पांढरा चट्टा आणि जळजळ. ठणका लागला तर एक रात्र सोड.

तुझ्या पुढच्या दातावर कॅप आहे, ती पांढरी होणार नाही, हे डॉक्टरांना आधीच सांग. आणि लिंबू-सोडा चोळायचं कुणी सुचवलं तर ऐकू नकोस. लिंबाचं आम्ल दाताचं वरचं आवरण झिजवतं, ते परत येत नाही.